शिबिराचे चालक कोण?

एप्रिलचा पहिला पंधरवडा उलटला, वार्षिक परीक्षा आटोपत आल्या आणि दुपारचे ऊन अंगाला झोंबू लागले, की रोजच्या वृत्तपत्राच्या घडीतून रंगीत पत्रके घरंगळू लागतात. निवासी आणि अनिवासी, पाच दिवसांची आणि पंधरा दिवसांची, किल्ल्याच्या पायथ्याची आणि धरणाच्या काठची, व्यक्तिमत्त्व विकासाची, संस्कारांची, संभाषणकलेची आणि यंत्रमानव जोडण्याची अशी नाना प्रकारची उन्हाळी शिबिरे त्या पत्रकांतून पालकांना आवाहन करीत असतात. आणि ज्या घरातून आई व वडील दोघेही सकाळी नऊच्या आत कामावर निघतात, त्या घराला या आवाहनाकडे पाठ फिरविण्याची सोय आज फारशी उरलेली नाही. रात्रीची जेवणे झाल्यावर चार पत्रके समोर मांडून निवड सुरू होते, आणि ती बहुधा तीन गोष्टींवर ठरते: फी किती, अंतर किती आणि शिकविण्याचे विषय किती. ही चौकशी रास्तच आहे. तथापि ज्या एका प्रश्नावर मुलाचे ते आठ-दहा दिवस सुखाचे जाणार की दुःखाचे, फलदायी ठरणार की निष्फळ, किंबहुना सुरक्षित राहणार की नाही, हे सर्व अवलंबून असते, तो प्रश्न, म्हणजे हे शिबिर चालविणारी माणसे कोण आहेत, हा त्या चौकशीत सहसा येतच नाही, अशी माझी तक्रार आहे.

प्रथम शिबिरांविरुद्धची नेहमीची कैफियत ऐकून घेऊ. पूर्वी मुले मे महिन्यात आजोळी जात, आमराईत कैऱ्या पाडीत, विहिरीत पोहायला शिकत, रात्री अंगणात अंथरुणे टाकून गोष्टी ऐकत. त्यांना कोणी पैसे घेऊन आनंद शिकविला नाही, असे ज्येष्ठ मंडळी सांगतात, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु त्या सुट्टीचे चित्र रंगविताना त्यातील काही माणसे हटकून गाळली जातात. त्याच मे महिन्यात दहा-बारा वर्षांच्या मुली पापड लाटीत, कुरडयांवर राखण करीत आणि मामीचे तान्हे मूल कडेवर घेऊन फिरत असत. शेतमजुराच्या मुलाला सुट्टी म्हणजे रोजंदारीवर जाण्याची मुदत असे. आणि ज्यांना आजोळच नव्हते, अशांची तर कोणी गणनाच केली नाही. शिवाय आजचे आजोळही पुष्कळदा तिसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत असते, आणि तेथील आजीलाही स्वतःचा दिनक्रम, स्वतःचे गुडघे आणि क्वचित स्वतःची नोकरी असते. तेव्हा शिबिर ही चैन आहे अशी मखलाशी करण्यापेक्षा, अनेक कुटुंबांपुरती ती गरज आहे, हे सरळ मान्य करावे.

हे मान्य केले म्हणजे निवडीची कसोटीही आपोआप स्पष्ट होते. आईवडील कामावर असताना मूल सुरक्षित राहावे, त्याला चार सवंगडी मिळावेत, एवढीच खरी निकड असेल, तर दूरच्या डोंगरातील महागड्या निवासी शिबिरापेक्षा पलीकडच्या गल्लीतील वाचनालयाचा साधा सकाळचा वर्ग हा उत्तम इलाज होय. आणि मुलाने चार दिवस घर सोडून राहावे, स्वतःचे अंथरूण स्वतः घालावे, अशी खरोखर इच्छा असेल, तर त्या चार दिवसांत त्याला कोणती कला आली याचा हिशेब मागू नये. पालकांची निकड आणि मुलाचे हित या दोन निराळ्या बाबी आहेत. त्यांची सरमिसळ झाली, की निवड चुकते.

मुलांच्या शिबिरांचा जो इतिहास आपल्याला ज्ञात आहे, तो पाहिला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. बालवीर चळवळीचे प्रवर्तक बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट १९०७ मध्ये इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर आपला पहिला प्रयोग केला, तेव्हा त्यांच्याबरोबर मुले होती अवघी वीसएक, त्यांच्या टोळ्या होत्या चार, आणि तंबूत राहून शेकोटीभोवती गोष्टी सांगणारा माणूस स्वतः सेनापतीच्या हुद्द्याचा होता. आपल्याकडे १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची उभारणी झाली आणि त्याच्या शाखांतून व शिबिरांतून महाराष्ट्रातील एक पिढी घडली, तीही एस. एम. जोशी यांच्यासारखी माणसे त्या मुलांत मिसळून राहत होती म्हणून. विदर्भाच्या भर उन्हाळ्यात, मे महिन्याच्या मध्यावर, चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे बाबा आमट्यांनी तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरविण्याचा पायंडा पाडला. तेथे ना झिपलाइन होती ना पोहण्याचा तलाव, तेथे होते कुदळ-फावडे आणि स्वतः बाबा. या सर्व उदाहरणांत सामग्री बेताची होती आणि विषयांची यादी तोकडी होती, परंतु माणूस मोठा होता.

साने गुरुजींचे उदाहरण तर या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखे आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते शिक्षक होते, आणि तेथील छात्रालयाचे काम त्यांच्याकडे आल्यावर, अस्ताव्यस्त टाकलेली मुलांची अंथरुणे त्यांनी स्वतः आवरली, त्यांचे कपडे धुतले, खोल्या झाडल्या आणि ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक स्वतःच्या हाताने लिहून मुलांपुढे ठेवले. घरापासून दूर राहणाऱ्या मुलाला कोणत्या प्रकारच्या माणसाच्या स्वाधीन करावे, याचा याहून नेमका दाखला मराठी माणसाला अन्यत्र शोधण्याची गरज नाही. प्रत्येक शिबिरात साने गुरुजी भेटावेत अशी अपेक्षा अर्थातच अवास्तव होईल. परंतु रात्री साडेनऊला दिवे मालविल्यानंतर मुलांच्या खोलीत कोण असते, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक पालकाला आहे.

आता पत्रकांकडे वळू. घोडेस्वारी, धनुर्विद्या, नेमबाजी, रॅपलिंग, झिपलाइन, मल्लखांब, लाठीकाठी, मातीकाम, ओरिगामी, वैदिक गणित, वक्तृत्व, आणि या सर्वांच्या शेवटी व्यक्तिमत्त्व विकास, अशी यादी पाच दिवसांच्या शिबिरासाठी छापलेली आढळणे ही मुळीच नवलाची गोष्ट नाही. अशा यादीवर थोडे अंकगणित चालवून पाहावे. शिबिरात शंभर मुले आहेत व घोडा एक आहे असे धरले, आणि प्रत्येकाला रिंगणात दोन मिनिटांची एक फेरी द्यावयाची म्हटले, तरी दोनशे मिनिटे लागतात. म्हणजे एक मूल घोड्यावर असताना उरलेली नव्व्याण्णव मुले सुमारे सव्वातीन तास उन्हात रांगेत उभी राहून एकमेकांच्या टोप्या उडवीत असतात. दोन मिनिटांत घोड्याची ओळख होत नाही, त्याच्या पाठीवरचे भय जात नाही, त्याला चारा घालण्याची संधी मिळत नाही. मिळते ते शिरस्त्राण घातलेले एक छायाचित्र, आणि ते त्याच संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सॲप समूहावर रुजू होते. पालक संतुष्ट होतात, चालकांच्या पुढील वर्षाच्या पत्रकाची सोय होते, आणि घोडेस्वारी झाली अशी नोंद सर्वांच्या दप्तरी पडते.

याच्या उलट, ज्या शिबिरात एकच गोष्ट निगुतीने होते, तेथे मुलाच्या मनात काही तरी मूळ धरते. पुण्याच्या आयुका संस्थेत उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळकरी मुलांना बोलावून, एकेका शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली एखाद्या लहानशा प्रकल्पावर आठवडाभर काम करू देण्याची प्रथा डॉ. जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने पडली. तेथे बारा विषय नसतात, एक प्रश्न असतो आणि त्या प्रश्नात आयुष्य घालविलेला माणूस शेजारी बसलेला असतो. बालनाट्याचेही तसेच आहे. १९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी ‘लिटल थिएटर’ उभे करून मुलांच्या नाटकाला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. आज गावोगावी भरणाऱ्या नाट्यशिबिरांपैकी जी खरोखर त्या परंपरेतील असतात, त्यांत आठ-दहा दिवस मुले एकच छोटे नाटक बसवितात, आणि ज्याला दोनच वाक्ये आहेत त्या मुलालाही आपल्या वाक्यापूर्वी इतरांचे ऐकावे लागते, हे तेथे कळते. सबब पत्रकातील विषय जितके अधिक, तितकी आपली शंका अधिक असावी. आणि चालकांना पहिला प्रश्न विचारायचा तो, रोजचे वेळापत्रक दाखवा, हा. त्यात रिकामा वेळ किती आहे हे अवश्य पाहावे. दुपारच्या जेवणानंतर दोन तास झाडाखाली काहीही न करता लोळण्याची मुभा असलेले शिबिर हे आळशी शिबिर नसते. मुलांच्या मैत्र्या बहुधा त्याच दोन तासांत जुळतात.

दुसरा प्रश्न माणसांच्या संख्येचा आणि त्यांच्या पडताळणीचा. किती मुलांमागे किती प्रौढ माणसे आहेत, त्यांत स्त्रिया किती, ती बारमाही काम करणारी आहेत की मे महिन्यापुरती तैनात केलेली महाविद्यालयीन मुले आहेत, हे स्पष्ट विचारावे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा पॉक्सो कायदा २०१२ मध्ये आला, आणि त्याखालील २०२० च्या नियमांनुसार, मुलांना ठेवून घेणाऱ्या किंवा मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांनी आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी ठराविक काळाने करून घेणे बंधनकारक आहे. या पडताळणीचा दाखला मागितल्यावर जो चालक निमूटपणे फाइल काढून दाखवितो, त्याच्यावर विश्वास ठेवण्यास जागा आहे. जो ‘आमची सगळी घरचीच माणसे आहेत’ असे म्हणून हसण्यावारी नेतो, त्याच्याकडे मूल पाठवू नये. भिडस्तपणा हा मराठी मध्यमवर्गाचा जुना दोष आहे. सोन्याचा दागिना गहाण ठेवताना आपण चार ठिकाणी खातरजमा करतो, आणि मूल स्वाधीन करताना मात्र, समोरच्याला काय वाटेल, या विचाराने गप्प बसतो. तसेच कोणी नकोसा स्पर्श केला, धमकी दिली, किंवा ‘घरी सांगू नकोस’ म्हटले, तर ते कोणाला सांगायचे, हे मुलालाही घरातून निघण्यापूर्वी समजावून द्यावे. १०९८ हा बालसाहाय्याचा क्रमांक त्याला पाढ्यासारखा पाठ असावा.

तिसरा प्रश्न पाण्याचा, उंचीचा आणि उन्हाचा. एप्रिल २०१८ मध्ये पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यात उन्हाळी शिबिरासाठी चेन्नईहून आलेली तीन शाळकरी मुले धरणाच्या पाण्यात बुडून मरण पावली. वरून शांत दिसणारे धरणाचे पाणी काठापासून चार पावलांवर एकाएकी खोल होते आणि तळाच्या गाळात पाय रुततो, हे स्थानिक गुराख्याला ठाऊक असते, परंतु दूरच्या शहरातून आलेल्या मुलाला ठाऊक नसते. महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर केले, आणि जमिनीवर, पाण्यात व हवेत होणारे साहसी उपक्रम चालविणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी अशी तजवीज त्यात आहे. कडा उतरविणाऱ्या किंवा नौका वल्हविणाऱ्या शिबिराकडे या नोंदणीचा दाखला मागावा. जीवरक्षक जाकिटे मुलांच्या मापाची आहेत का, जवळचे रुग्णालय किती मिनिटांवर आहे, रात्री-अपरात्री मुलाला तेथे न्यायचे झाले तर वाहन दारात उभे असते की गावातून बोलवावे लागते, हेही विचारावे. विदर्भात उन्हाचा पारा पंचेचाळिशीच्या वर जातो आणि तेथील शाळा याच कारणाने उर्वरित राज्यापेक्षा उशिरा उघडतात. तेव्हा सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळेत मैदानी कार्यक्रम ठेवणारे शिबिर, ते कितीही ख्यातनाम असो, नामंजूर करावे.

या सर्व चौकशीच्या शेवटी एक छापील फॉर्म पालकांपुढे येतो, आणि त्याच्या तळाशी बारीक टाइपात, कोणत्याही अपघातास संस्था जबाबदार राहणार नाही, अशी ओळ असते. अशा एका ओळीने हयगयीची जबाबदारी संपुष्टात येते, हा चालकांचा आणि पालकांचाही गैरसमज होय. परंतु कायद्याची बाब क्षणभर बाजूला ठेवली, तरी त्या ओळीचा उपयोग आहे: ती कशी लिहिली आहे, यावरून समोरच्या माणसाचा पिंड कळतो. विम्याचा तपशील, डॉक्टरांचे नाव, मुलाच्या आजारांविषयी व चालू औषधांविषयी रकाना, आणि कोणत्या प्रसंगी पालकांना तत्काळ कळविले जाईल याची हमी, एवढे ज्या फॉर्मात आहे, तो फॉर्म विचार करून लिहिलेला असतो. आणि ज्यात केवळ नाव, पत्ता, टी-शर्टचे माप व ती एक ओळ आहे, त्याच्या कर्त्याने विचार केला आहे तो फक्त स्वतःचा.

संस्कारांचा उल्लेख पत्रकात असेल, तर आणखी एक चौकशी अगत्याची ठरते. पहाटे उठून सूर्यनमस्कार घालणे, जेवणानंतर नळावर रांगेने उभे राहून आपले ताट-वाटी आपण घासणे, ताटात वाढून घेतलेले संपविणे, आजारी पडलेल्या मित्राचे अंथरूण घालणे, यांना मी संस्कार म्हणतो, आणि ते घरात जेवढे होत नाहीत तेवढे शिबिरात होतात, हेही मान्य करतो. कारण चिकटलेला भात खरवडताना शेजारचा मुलगा राख पुढे करतो, त्यावेळी जे कळते ते आईच्या शंभर आर्जवांनी कळत नाही. परंतु संस्काराच्या नावाखाली मुलाच्या मनात दुसऱ्या जातीविषयी, धर्माविषयी किंवा प्रांताविषयी अढी निर्माण केली जात असेल, तर तो संस्कार नव्हे. भारतातील भिन्न भाषकांनी एकमेकांची भाषा शिकावी, म्हणून ‘आंतरभारती’चा ध्यास घेणाऱ्या साने गुरुजींच्या प्रांतात तरी पालकांनी हे विसरू नये. ब्राउनसी बेटावरील त्या वीसएक मुलांत बड्या घराण्यांच्या शाळांतील मुलेही होती आणि कष्टकऱ्यांची मुलेही होती, आणि तो मेळ जाणूनबुजून घातलेला होता. आपल्या मुलाबरोबर शिबिरात कोणाची मुले येणार, याची चौकशी आपण बहुधा ‘चांगल्या घरची’ असावीत या हेतूने करतो. ती उलट्या हेतूने करावी, आणि आपल्या सोसायटीबाहेरचे एकही मूल जेथे भेटणार नाही, असे शिबिर शक्यतो टाळावे.

येथे फीचा प्रश्न येतो. हजारो रुपये मोजून मिळणारी सुट्टी ही काहींचीच असणार, आणि उरलेल्यांनी मोबाइलच्या पडद्यावर ती पाहायची, ही स्थिती चांगली नाही. मुंबईत चर्नी रोडला जवाहर बालभवन आहे, पुण्यात सारसबागेजवळ शोभा भागवत यांच्या कार्यामुळे परिचित झालेले गरवारे बालभवन आहे. परंतु प्रत्येक तालुक्याच्या गावी अशी जागा असावयास हवी होती, आणि ती नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम करताना, गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत तर शाळेनेच कुरणात जावे, असा विचार करून कुरणशाळा काढली. तोच न्याय सुट्टीलाही लावता येईल. नगरपालिकेच्या शाळांच्या इमारती मे महिनाभर कुलूपबंद असतात, सार्वजनिक वाचनालयांत दुपारी चार-दोन वृद्ध वर्तमानपत्र चाळीत असतात, गावच्या तालमीत मल्लखांब उभा असतो, आणि मुलांना काही देऊ शकतील असे निवृत्त शिक्षक, सुतार, गवंडी, गायक, शिवणकाम करणाऱ्या बाया प्रत्येक वस्तीत असतात. या सर्वांना एकत्र आणण्यासाठी लागते ती मुख्याधिकाऱ्यांची परवानगी, एका जबाबदार माणसाची देखरेख आणि वस्तीतील दहा पालकांचा उत्साह. त्यासाठी नवे अंदाजपत्रक लागत नाही.

अखेरीस मुलाची संमती. सात-आठ वर्षांच्या मुलाला पहिल्याच खेपेस दहा दिवसांच्या निवासी शिबिरात धाडणे उचित नव्हे. प्रथम दिवसाचे शिबिर, मग मावशीकडे दोन रात्री, आणि नंतर बाहेरगावी, हा क्रम सोसवतो. दहा-अकरा वर्षांच्या पुढील मुलाला पत्रके स्वतः वाचू द्यावीत आणि नाही म्हणण्याचा अधिकार द्यावा. पहिल्या रात्री त्याला घरची आठवण येईल, डोळ्यांत पाणी येईल; ती काही तक्रार नव्हे, आणि जाणत्या ताई-दादाला ते हाताळता येते, फक्त आईवडिलांनी दर दोन तासांनी छायाचित्रांची मागणी करून त्या ताई-दादाला मुलांपासून दूर, फोनमध्ये गुंतवून ठेवू नये. परत आल्यावरही, काय काय शिकलास, अशी उलटतपासणी घेऊ नये.

सुट्टीचे सहा आठवडे असतात. त्यांतील एक शिबिराला द्यावा, दोन द्यावेत, उरलेले मुलाचे मुलाकडे राहू द्यावेत. आणि तो एक आठवडा कोणाच्या हाती द्यायचा, हे पत्रकावरून ठरवू नये. फी भरण्यापूर्वी एक रविवार मोकळा काढावा, मुलाला बरोबर घेऊन शिबिराच्या जागी जावे, स्वयंपाकघर, स्वच्छतागृहे आणि झोपण्याच्या खोल्या पाहाव्यात, आणि चालकांशी अर्धा तास बोलावे. त्या अर्ध्या तासात जो माणूस तुमच्याशीच बोलत राहतो, त्याला नमस्कार करून परत यावे. जो खाली वाकून तुमच्या मुलाला त्याचे नाव विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो, त्याच्याकडे कागदपत्रे पाहून खुशाल नाव नोंदवावे.